दस्त फोटोला गेलाय

ती घटना आजही आठवली की आधी माझं डोकं तापतं, आणि त्यातली माणसं आठवली की हळूहळू निवतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, उसाच्या फडात लपलेले फरारी आसामी शोधून काढले. पण ‘दस्त फोटोला गेलाय’ या तीन शब्दांनी मला जेवढं छळलं, तेवढं एकाही अट्टल गुन्हेगारानं छळलं नाही. गुन्हेगाराला निदान दम देता येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी करवीर तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. पूर्वी जमिनीचं खरेदीपत्र नोंदवलं की नोंदणी कार्यालयातले नकलनवीस ते जाडजूड पुस्तकात हातानं उतरवून घ्यायचे आणि मूळ दस्त मालकाला परत द्यायचे. मग सरकारनं ठरवलं, हातनक्कल बंद, दस्ताचा फोटो काढायचा आणि तोच दप्तरी ठेवायचा. विचार वाईट नव्हता. माणूस कंटाळतो, ओळ गाळतो, कधी कुणी चहापाणी केलं तर मुद्दामही गाळतो. कॅमेऱ्याला कोण चहा पाजणार? पण फोटो काढायची सोय गावोगाव नव्हती. दस्तांचे गठ्ठे बांधून बाहेरगावच्या मोठ्या कार्यालयात जायचे. फोटोची प्रत कधीतरी परत यायची, मूळ दस्त मात्र तिथंच पडून राहायचा. लोक हेलपाटे घालून दमायचे आणि खिडकीतला कारकून मान वर न करता ते तीन शब्द सांगायचा.

एक दिवस गडमुडशिंगीचे एक निवृत्त शिक्षक ठाण्यात आले. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणत, मीही तेच म्हणतो. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, हातात कापडी पिशवी. ठाणे अंमलदारानं बसा म्हणेपर्यंत उभे राहिले, हे माझ्या लक्षात आहे, कारण ठाण्यात येणारा माणूस एकतर आल्या आल्या ओरडतो नाहीतर आल्या आल्या रडतो. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही.

गुरुजींनी गावाबाहेर एका शेतकऱ्याकडून त्याच्या रानाच्या टोकाचा तुकडा विकत घेऊन घर बांधलं होतं. रस्त्यापासून घरापर्यंत यायला शेतकऱ्याच्या बांधाकडेनं गाडीवाट होती. ती वाट खरेदीपत्रातच लिहून दिली होती, असं गुरुजींचं म्हणणं. तो शेतकरी वारला. त्याला सगळे आबा म्हणत. आबा गेल्यावर थोरल्या मुलानं वाटेवर काटेरी तार ओढली. गुरुजींच्या पत्नीला पक्षाघात झाला होता. दवाखान्यात न्यायचं म्हणजे चार माणसं गोळा करायची, बाईंना खुर्चीत बसवायचं आणि ती खुर्ची उचलून दुसऱ्याच्या सरीतून, चिखलातून रस्त्यापर्यंत न्यायची. रिक्षा दारात यायची तर ती वाट मोकळी हवी. बाकी त्यांना काही नको होतं.

“गुरुजी, वाटेचा वाद दिवाणी आहे. तहसीलदारांकडे जा,” मी म्हणालो.

“गेलो होतो, साहेब. ते म्हणाले, कागद दाखवा. म्हणून नोंदणी कार्यालयातून ही नक्कल काढली.” त्यांनी पिशवीतून कागद काढला. “आता तुम्हीच बघा.”

खरेदीपत्राच्या फोटोची साक्षांकित नक्कल होती. सगळी अक्षरं स्वच्छ. फक्त दुसऱ्या पानावर, चतु:सीमा संपल्यावर जिथं वाटेचा मजकूर यायला हवा, तिथं काळाकुट्ट डाग. डागाच्या वर ‘सदर मिळकतीस’ एवढं दिसत होतं आणि खाली ‘कायम राहील’. मधलं सगळं गडप.

“ह्यात माझी वाट होती,” गुरुजी म्हणाले. “कुणीतरी तिच्यावर काळं फासलं.”

आता प्रकरण दिवाणी राहिलं नाही. सरकारी अभिलेखात खाडाखोड म्हणजे गंभीर गुन्हा. मी फिर्याद लिहून घेतली. संशयित म्हणून गुरुजींनी थोरल्याचं नाव सांगितलं आणि नोंदणी कार्यालयातल्या दस्त सांभाळणाऱ्या कारकुनाचं.

थोरल्याला बोलावलं. मिशा पिळत आला, पण बोलायला सरळ होता. “सायेब, कागदावर असंल तर माझी न्हाय कुठं हाय? दावा म्हणावं. न्हाय तर कोण बी यील आन् म्हणंल ही माझी वाट. उद्या तुमी बी म्हणशीला.”

“म्हणजे आबांनी वाट दिली नव्हती?”

“आबांनी मला तर काय सांगितलं न्हाई. ऊस मी लावतोय, तार मी वडली. काळं मी केलं असंल तर हात तोडा माझा.”

जबाबात ‘हात तोडा’ लिहिता येत नाही. ‘आरोप नाकबूल’ असं लिहिलं.

मग खबर आली. नोंदणी कार्यालयाच्या बाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा एक जण आमचा खबऱ्या होता. तो म्हणाला, थोरला आणि तो कारकून एका टेबलावर बसून मिसळ खाताना दिसले, आणि पैसे थोरल्यानं दिले. मला वाटलं, सापडलं. कारकुनाला ठाण्यात आणलं. निवृत्तीला आलेला माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी त्याला सकाळपासून बसवून ठेवला. चौकशीत पहिला नियम असा की समोरच्याला वाट बघायला लावायची. निम्मी माणसं तेवढ्यावरच बोलतात. हा बोलला, पण भलतंच.

“साहेब, कोल्हापुरात मिसळ चारली म्हणून आत घालायचं ठरवलं तर अख्खा जिल्हा आत घालावा लागेल. तो त्याच्या सोसायटीच्या गहाणखताची चौकशी करायला आला होता. भूक लागली होती, खाल्ली.”

“आणि दस्त?”

“दस्ताला मी फक्त शिक्का मारतो, गठ्ठ्यात बांधतो आणि पाठवतो. फोटो तिकडं निघतो. मी काळं केलं असेल तर मूळ दस्तावर दिसेलच की. मूळ दस्त आणा आणि बघा.”

“कुठं आहे मूळ दस्त?”

कारकुनानं दोऱ्याचा चष्मा वर सरकवला. “फोटोला गेलाय.”

मी टेबलावर हात आपटला, तेव्हा चहा सांडला आणि स्टेशन डायरीचं पान भिजलं. पण माणूस म्हणत होता ते बरोबर होतं. मूळ दस्त समोर आल्याशिवाय तपास इंचभर हलणार नव्हता. डाग मुळात आहे की फोटोत आहे हेच कळत नव्हतं. हस्ताक्षर तज्ज्ञांनीही कळवलं, फोटोच्या फोटोवरून मत देता येत नाही, मूळ पाठवा.

मी मोठ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, दस्त क्रमांक कळवावा. कळवला. उत्तर आलं, सदर वर्षाचे दस्त वर्गवारीत आहेत. स्मरणपत्र पाठवलं. उत्तरच आलं नाही. दुसरं पाठवलं. उत्तर आलं, आपल्या पत्रावर दस्त क्रमांक नमूद नाही. होता! दोनदा होता, एकदा तर लाल शाईनं अधोरेखित करून. इकडं वरिष्ठ विचारत होते, आरोपी अटक का नाही? कारकुनाला अटक केली असती तर तो त्याच दिवशी निलंबित झाला असता आणि निवृत्तीचं सगळंच लटकलं असतं. माझं मन होत नव्हतं. आणि गुरुजी बाजाराच्या दिवशी यायचे, बाकावर बसायचे, माझा चेहरा बघायचे आणि न विचारताच उठून जायचे. त्यापेक्षा त्यांनी भांडायला हवं होतं. एकदा मीच त्यांच्या घरी गेलो. तारेजवळ जीप उभी करून सरीतून चालत गेलो. बाई खाटेवर होत्या. तोंड वाकडं झालं होतं, शब्द धड फुटत नव्हते. गुरुजी म्हणाले, “ती म्हणतेय, साहेबांचे बूट खराब झाले.” मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रांची पूजा असते. रायफली, काठ्या, जीप, वायरलेस संच, सगळ्याला झेंडूचे हार. त्या वर्षी पूजेत एक नवा पाहुणा होता. व्यापाऱ्यांनी ठाण्याला एक जुनं झेरॉक्स मशीन भेट दिलं होतं आणि आमचे जुने हवालदार त्याला तान्ह्या पोरासारखं जपायचे. दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत.

दसरा झाल्यावर एका मारामारीच्या गुन्ह्यातलं दोषारोपपत्र न्यायालयात द्यायचं होतं. आरोपी पुष्कळ होते, प्रत्येकाला प्रत द्यावी लागते. हवालदारांनी प्रती काढून गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी सही करायला पान उलटलं आणि बघतो तर पंचाच्या नावावर काळा डाग. पुढच्या पानावर त्याच जागी काळा डाग. तिसऱ्यावर, चौथ्यावर, सगळ्या गठ्ठ्यावर.

“हवालदार! हे काय आहे?”

हवालदार आले, निरखून बघितलं. “डाग हाय, सायेब.”

“तो मलाही दिसतोय! आला कुठून?”

“मशीन तर आत्ताच पुजलंया. असं कसं करतंय?”

“पुजलंय म्हणजे काय केलं?”

“नारळ फोडला, हार घातला, कुंकू लावलं.”

“कुंकू कुठं लावलं?”

“काचंवर की. तितनंच बघतंय न्हवं ते? त्येचा डोळाच त्यो. मग कुंकू काय चाकास्नी लावू?”

मी उठलो आणि मशीनचं झाकण वर केलं. काचेवर हवालदारांच्या बोटाचा लालभडक ठसा होता. मशीननं मात्र तो इमानानं काळा करून सगळ्या आरोपींना वाटला होता. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो.

“हवालदार, कुंकू उरलंय का?”

“हाय की. लावायचं व्हय?”

काच पुसून घेतली. एका कोऱ्या कागदावर हवालदारांकडून एक ओळ लिहून घेतली. कुंकू पाण्यात कालवून त्या ओळीवर बोट फिरवलं. कागदावरची ओळ लाल रंगाखालून सहज वाचता येत होती. मग तो कागद मशीनमध्ये घातला. बाहेर आलेल्या प्रतीवर ओळ नव्हती, काळाकुट्ट डाग होता. कपाटातून गुरुजींची नक्कल काढून शेजारी ठेवली. दोन डाग सख्ख्या भावांसारखे दिसत होते.

गुरुजींना बोलावून घेतलं. या वेळी मी त्यांना वाट बघायला लावली नाही. “गुरुजी, खरेदीपत्राला कुणी कुंकू लावलं होतं का?”

इतके दिवस सरळ बोलणारा माणूस खाली बघायला लागला. मी हवालदारांना बाहेर पाठवलं.

“साहेब,” ते म्हणाले, “माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातला देव्हारा पंचगंगेत सोडला. तेव्हापासून आमच्या घरात कुंकू नाही. मी गावात लोकांना हेच सांगत आलो, की जे सोडलं ते सोडलं. आणि त्या दिवशी नोंदणीच्या वेळी आबांनी कोपरीच्या खिशातून पुडी काढली. अंबाबाईचं कुंकू. मी म्हटलं, आबा, माझ्या कागदाला नको. तर म्हणाले, ‘गुरुजी, तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. रान मी देतोय, वाट मी देतोय. दिल्यालं पोचू द्या की नीट.’ मला त्यांचं मन मोडवलं नाही.”

“कुठं लावलं?”

“त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, वाटेचं कुठं लिवलंय तेवढं दावा. मी बोट ठेवलं. तिथंच लावलं त्यांनी.”

मी डोकं धरलं. “अहो गुरुजी, हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं, काळं कुणी केलं. काळं कुणीच केलं नव्हतं, साहेब. लाल कुणी केलं, असं कुणी विचारलं नाही.” मग म्हणाले, “आणि विचारलं असतं तरी चारचौघांत सांगायला जीभ रेटली नसती.”

म्हणजे आबांनी ज्या शब्दांवर सगळ्यात जास्त जीव लावला, नेमके तेच शब्द सरकारी दप्तरातून नाहीसे झाले. कुणी लाच घेतली नव्हती, कुणी शाई ओतली नव्हती. आणि मी एका म्हाताऱ्या कारकुनाला मिसळीवरून दिवसभर बसवून ठेवला होता.

पण हे सिद्ध करायला मूळ दस्त हवाच होता. या वेळी पत्र लिहिलं नाही. वरिष्ठांची परवानगी घेऊन स्वतः त्या कार्यालयात गेलो आणि दस्त मिळाल्याशिवाय हलणार नाही असं सांगून खुर्ची ओढून बसलो. मला भाबडी आशा होती की कुंकवाचा दस्त गठ्ठ्यात चटकन ओळखू येईल. पहिला गठ्ठा सोडला आणि माझी आशा संपली. आमच्या जिल्ह्याचे निम्मे दस्त लाल! कुठं कुंकू, कुठं हळद, एका ठिकाणी तर अक्षताही चिकटल्या होत्या. शेवटी गडमुडशिंगीचा दस्त शिरोळ तालुक्याच्या गठ्ठ्यात सापडला. का, ते विचारू नका. मीही विचारलं नाही.

तिथले एक साहेब मदतीला होते. सज्जन माणूस. दस्त हातात घेऊन म्हणाले, “तुमच्याकडच्या कागदांचा हा कायमचा त्रास आहे. आमच्या फिल्मवर लाल रंग काळाच येतो. इथं शिपायालासुद्धा ठाऊक आहे.”

“मग माझ्या एवढ्या पत्रांना उत्तर देताना हे का नाही कळवलं?”

“तुम्ही मूळ दस्त मागितला होता,” ते शांतपणे म्हणाले. “डाग कसला, असं तुम्ही विचारलं नव्हतं.”

मी पाणी मागवलं आणि सगळा तांब्या संपवला.

पोच देऊन दस्त ताब्यात घेतला आणि थोरल्याला ठाण्यात बोलावलं. त्याच्याबरोबर त्याची आई आली, डोईवर पदर, हातात काठी. गुरुजी होते, दोन पंच होते. मी दस्त टेबलावर उघडला. वाटेच्या मजकुरावर दोन बोटांचे पट्टे होते, शेजारी शेजारी. रंग थोडा उतरला होता आणि खालची अक्षरं स्वच्छ दिसत होती. मी थोरल्याला मोठ्यानं वाचायला सांगितलं. तो वाचू लागला, “सदर मिळकतीस जाणेयेणेकरिता पूर्वेकडील बांधालगत गाडीवाट दिली असून ती कायम...” आणि अडखळला.

म्हातारी वाकून दस्ताकडं बघत होती. तिला अक्षर कळत नव्हतं. तिनं हात पुढं केला, पण कागदाला लावला नाही.

“ह्ये त्येंचंच,” ती म्हणाली. “दोन बोटं लावायचं. बैलाला, नांगराला, सगळ्यास्नी दोन बोटं.” मग लेकाकडं वळली. “मी तुला सांगितलं हुतं, वाट दिल्यालीया. तवा म्हणालास, आये तुला काय कळतंय, कागदावर दाव. आता दिसलं न्हवं कागदावर?”

थोरल्यानं मान खाली घालून दस्त माझ्याकडं सरकवला.

“मग काढ की ती तार. आजच काढ. मास्तरीण खुर्चीत बसून जाती, आन् मी सोप्यातनं बघतोय रोज.”

त्यानं त्याच दिवशी तार काढली. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा तो पक्कड घेऊन खांबाचे खिळे उपटत होता आणि माझ्याकडं बघायचं टाळत होता. मीही मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

कागदोपत्री छळ संपला नव्हता. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला असा ‘क’ समरीचा अहवाल न्यायालयात पाठवायचा होता, सोबत मूळ दस्ताची नक्कल जोडायची होती. झेरॉक्स काढली तर पुन्हा काळा डाग! शेवटी हवालदारांना बसवून त्यांच्या किरट्या अक्षरात सगळा दस्त हातानं उतरवून घेतला, पंचांसमोर अक्षरन् अक्षर ताडून पाहिला, आणि तो पाठवला. हातनक्कल बंद करून फोटो आणला होता, आणि फोटोचा घोळ निस्तरायला पुन्हा हातनक्कल. कारकून मात्र सुटला. निवृत्त झाल्यावर पेढे घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, मिसळच आणणार होतो, पण भीती वाटली.”

या प्रकरणानं मला एक शिकवलं. आपण डाग बघितला की आधी गुन्हेगार शोधतो. डाग पडायला वाईट माणूसच लागतो असं नाही, चांगला माणूसही पुरतो. आणि समोरचा गप्प असतो तेव्हा दर वेळी तो लपवत असतो असंही नाही; आपण त्याला बोलता येईल असं काही विचारलेलंच नसतं. पुढं प्रत्येक चौकशीत, ‘अजून काही सांगायचं राहिलं का, कितीही किरकोळ असो,’ हा प्रश्न मी शेवटी विचारत आलो. त्यापायी गाईच्या वेतापासून जावयाच्या दारूपर्यंत सगळं ऐकावं लागलं. पण विचारत राहिलो.

एक मात्र राहिलं. मूळ दस्त गुरुजींच्या ताब्यात देताना मी त्यांना सांगितलं होतं, की नोंदणी कार्यालय पुन्हा फोटो घ्यायला तयार आहे. कापसाच्या बोळ्यानं हलक्या हातानं कुंकू पुसलं की झालं, दप्तरी नक्कल स्वच्छ होईल, पुढं कुणाची कटकट नको. मला वाटलं, हा माणूस तर आनंदानं पुसेल. त्यांच्या घरात दुसरं कुठलं कुंकूच नव्हतं.

गुरुजींनी दस्त बघितला, त्याची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला.

“असू दे, साहेब,” ते म्हणाले. “त्यांनी दिलेलं पोचलंय. आता ते मी कसं पुसू?”

मी वैतागून कपाळाला हात लावला. बाहेर गेटजवळ रिक्षा उभी होती आणि रिक्षात त्यांच्या बाई बसल्या होत्या, घरच्या दारातून बसून आलेल्या.

म्हणजे सरकारी दप्तरात ती वाट अजूनही काळीच आहे. आता सगळं संगणकावर आलं, पण जुन्या नकला आहेत तशाच आहेत. उद्या पुढच्या पिढीत पुन्हा कुणी तार ओढेल, पुन्हा कुणी ती नक्कल काढेल, आणि एखादा तरणा उपनिरीक्षक त्या डागाकडं बघून कुणाला अटक करू याचा विचार करत बसेल. हे सगळं मी त्याच्यासाठी लिहून ठेवलं आहे. बाबा रे, कुणालाही धरू नकोस. तिथं एका माणसानं दोन बोटं कुंकू लावलंय, आणि त्याच्याखाली वाट आहे.